सल्लागाराचें बिऱ्हाड

आमच्या लहानपणीं आमच्या तालुक्याच्या गांवीं पैसे घेऊन सल्ला देणारे तीनच इसम होते: वकील, वैद्य आणि जोशी. तिघांच्या सल्ल्याची प्रत निरनिराळी असली तरी एका बाबतींत तिघेही सारखे होते. तिघांचेंही बिऱ्हाड गांवांतच होतें. वैद्यबुवांच्या काढ्यानें ताप उतरला नाहीं तर रोगी, निदान रोग्याचा भाऊ, दुसऱ्या दिवशीं त्यांना बाजाराच्या वाटेवर गांठीत असे. दावा हरलेला शेतकरी आणि त्याला दाव्यांत घालणारे वकीलसाहेब एकाच न्हाव्याकडे दाढी करवीत. जोशीबुवांनीं काढून दिलेल्या मुहूर्तावर लग्न झालेली मुलगी माहेरीं परत आली, तर जोशीबुवा पुढें कांहीं दिवस त्या आळीनें जात नसत. त्यांच्या सल्ल्याला जी थोडीफार किंमत होती, ती आमच्या मतें या शेजारामुळें होती.

हें आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमचे पुष्कळ विद्यार्थी सल्ल्याच्या धंद्यांत शिरले आहेत. वकील, वैद्य किंवा जोशी होऊन नव्हे, तर कन्सल्टिंग कंपनी नांवाच्या पेढीवर नोकर म्हणून. आम्ही अर्थशास्त्र शिकवितों. पूर्वीं आमच्या वर्गांतील हुशार मुलांना बँकेची किंवा सरकारी परीक्षेची ओढ असे. आतां त्यांतलीं निदान निम्मीं तरी या पेढ्यांचीं नांवें जपमाळ ओढावी तशीं घोकीत असतात. तीं शिफारसपत्र मागावयास येतात, यथाकाल एखाद्या मोठ्या व्यवस्थापन-संस्थेंतून बाहेर पडतात, पेढीवर चिकटतात, आणि पुण्यास आलीं म्हणजे आमच्याकडे चहाला येतात. प्रस्तुत लेखाचें भांडवल म्हणजे हीं चहाच्या वेळचीं बोलणीं होत.

या धंद्यांतील पहिली अडचण मुलांची नसून त्यांच्या आयांची असते. मुलगा डॉक्टर आहे म्हटलें कीं हळदीकुंकवाच्या बैठकींत प्रश्न मिटतो. मुलगा कन्सल्टिंग करतो म्हटलें कीं सुरू होतो. एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींनीं आम्हांस सरळच विचारलें, "सर, तो कंपन्यांना सल्ला देतो म्हणतो. तेविसावं लागलंय त्याला. घरांत दूध कोणतं आणायचं तें त्याला कळत नाहीं. मग एवढ्या मोठ्या कंपन्या त्याचं ऐकतात कशाला?" प्रश्न बिनतोड होता, आणि खरें म्हटलें तर आम्हांस विचारण्यापेक्षां पेढीच्या चालकांस विचारण्यासारखा होता.

त्याचें उत्तर थोड्या इतिहासावांचून देतां येत नाहीं. अमेरिकेंत १८८६ सालीं आर्थर डी. लिटल या रसायनशास्त्रज्ञानें बोस्टन येथें कारखानदारांस शास्त्रीय सल्ला देण्याचें काम सुरू केलें. पुढें फ्रेडरिक टेलर यानें हातांत घड्याळ घेऊन मजुरांच्या हालचाली मोजल्या आणि १९११ सालीं त्या मोजणीचें शास्त्र ग्रंथरूपानें जगापुढें मांडलें. १९२६ सालीं शिकागो विद्यापीठांतील जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकानें स्वतःच्या नांवाची पेढी काढली. एका प्राध्यापकानें एवढा पैसा मिळविण्याची वाट शोधून काढावी, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंनीं खरें तर अभिमानानें सांगत फिरावें अशी आहे. या पेढीला आजचें वळण लावणारा मार्विन बोवर हा मात्र मूळचा वकील. तो १९३३ सालीं पेढींत आला आणि त्यानें वकिली पेढ्यांचे आचार येथें आणले: गुप्तता, टापटीप, अशिलाचें हित आधीं. १९५० नंतरच्या दशकांत त्यानें आणखी एक गोष्ट केली, आणि त्या मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर तींत आहे. केस पिकलेले, कारखान्यांत उमेदवारी केलेले लोक घेण्याऐवजीं त्यानें हार्वर्डमधून नुकतेच बाहेर पडलेले तरुण घेण्याचा प्रघात पाडला. अनुभव महाग असतो, हट्टी असतो आणि रात्रीं दहानंतर जागत नाहीं. तरुण बुद्धि मिळेल त्या विषयाला लावतां येते, आणि पहांटेपर्यंत लावतां येते. १९६३ सालीं ब्रूस हेंडरसन यानें बोस्टनमध्यें दुसरी मोठी पेढी काढली. कोणत्याही कंपनीचे धंदे चार चौकोनांत बसवून त्यांस तारा, प्रश्नचिन्ह, दुभती गाय आणि कुत्रा अशीं नांवें देणारी प्रसिद्ध आकृति तिचीच. ज्या देशांत कुत्र्याला घरांतलाच एक मानतात त्या देशांतील माणसानें बुडीत धंद्याला कुत्रा म्हणावें याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटत आलें आहे. आपल्याकडे हा शब्द घरोघर पोंचविला तो १९६८ सालीं मुंबईंत निघालेल्या टाटा कन्सल्टन्सीनें. पण तेथील काम मुख्यत्वेंकरून संगणकाचें, आणि त्याची कथा वेगळी आहे.

पेढींत शिरण्याची परीक्षाही मासलेवाईक असते. मुंबईंत वर्षाला छत्र्या किती खपतात, असा प्रश्न उमेदवारास घालतात. दादरच्या छत्रीवाल्यास विचारून येण्याची सोय नसते. लोकसंख्या किती, घरांत माणसें किती, एक छत्री किती पावसाळे टिकते, लोकलमध्यें किती विसरतात, अशा पायऱ्या बांधीत त्यानें आंकड्यापर्यंत चढावयाचें असतें. आंकडा चुकला तरी चालतो, पायरी चुकतां कामा नये. या परीक्षेची थट्टा करणें सोपें आहे, आणि आम्हीं ती केलीही आहे; परंतु आमच्या विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांपेक्षां ती विद्यार्थ्याच्या डोक्याला अधिक व्यायाम देते हें कबूल केलें पाहिजे.

आंत गेल्यावर पहिली गोष्ट शिकवितात ती लिहिण्याची. मॅकिन्झींत १९६३ सालीं दाखल झालेल्या बार्बरा मिंटो या बाईंनीं घालून दिलेली पद्धति आज बहुतेक पेढ्यांत चालते. निष्कर्ष शिखरावर, त्याखालीं कारणें, त्यांच्याखालीं पुरावे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक पुरें वाक्य, त्या वाक्यांत एकच म्हणणें. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्हीं तीन वर्षें शिकवलंत कीं आधीं पुरावा पहा, मग बोला. तिथं पहिल्या सोमवारींच उत्तर लिहून ठेवायचं असतं. पुढचे आठवडे त्याची परीक्षा घ्यायची." आम्हीं म्हटलें, परीक्षा प्रामाणिक असेल तर शास्त्रज्ञही हेंच करतो. तो हंसून म्हणाला, "प्रामाणिक असते, सर. पण नापास करायला वेळ नसतो."

बाकीची दिनचर्या थोडक्यांत सांगण्यासारखी आहे, कारण ती सर्वांची एकच असते. सोमवारीं पहांटेचें विमान, परक्या शहरांतील हॉटेल, क्लायंटच्या कचेरींत या मंडळींना दिलेली एक बिनखिडकीची खोली, आणि गुरुवारीं किंवा शुक्रवारीं रात्रीं घर. मोठ्या पेढ्यांचे चित्रकार आणि माहिती शोधणारे लोक चेन्नईस, गुरगांवास बसतात. सायंकाळीं न्यूयॉर्कच्या कोणी साहेबानें पेन्सिलीनें खरडलेली आकृति हीं माणसें त्याच्या सकाळपर्यंत रेखीव करून धाडतात. या लोकांस सल्लागार म्हणत नाहींत, पण त्यांच्यावांचून सल्ला उभा राहत नाहीं. कोणत्या दिवसाचें काम कोणत्या क्लायंटच्या नांवें मांडावयाचें याची टाइमशीट प्रत्येकानें भरावयाची. काम नसलेल्या माणसास संगणकाच्या कंपन्यांत बाकावर बसला म्हणतात. आमच्या वर्गांत शेवटच्या बाकावर बसणारा निदान निर्धास्त असतो. या बाकावर बसणाऱ्याला झोंप येत नाहीं.

बढती किंवा निरोप हा या धंद्याचा जुना नियम आहे. दोन-तीन वर्षांत वरची पायरी चढला नाहींत, तर दार दाखविलें जातें. मॅकिन्झीच्या बोलींत याला फार सुंदर नांव आहे: 'जाण्याचा सल्ला दिला'. जगाला सल्ला विकणाऱ्या पेढीनें नोकराला फुकट दिलेला हा एकमेव सल्ला होय. निरोप घेतलेलीं माणसें पुढें मोठमोठ्या कंपन्यांत अधिकारी होतात आणि सल्ला घ्यावयास जुन्याच पेढीकडे येतात, म्हणून निरोपसमारंभ गोड होतो. बाप आपल्या सासरीं गेलेल्या मुलींविषयीं बोलतो तशा जिव्हाळ्यानें पेढ्या आपल्या माजी नोकरांविषयीं बोलतात.

तक्रारींत पहिली तक्रार कामाच्या तासांची. आठवड्याचे साठ तास हे सौम्य समजतात. सत्तर-ऐंशींची गोष्ट मुलें हंसत हंसत सांगतात, आणि त्यांचीं हंसणारीं तोंडें पाहून आम्हांस बरें वाटत नाहीं. २०२४ सालच्या जुलैंत पुण्यांत हिशेब-तपासणी व सल्ला अशीं दोन्हीं कामें करणाऱ्या एका जागतिक पेढीवरील २६ वर्षांची मुलगी वारली. नोकरीस लागून तिला चारच महिने झाले होते. अतिश्रमानें ती गेली असें तिच्या आईनें पेढीच्या प्रमुखास पत्र लिहून कळविलें. सप्टेंबरांत तें पत्र वर्तमानपत्रांत आलें, आणि केंद्रीय श्रममंत्रालयानें चौकशी करूं म्हणून सांगितलें. पेढीनें आरोप मान्य केला नाहीं. त्या आठवड्यांत आमच्या ओळखीच्या किती घरांतून मुलांना रात्रीं अकरा वाजतां फोन गेले असतील आणि त्यांपैकीं किती मुलांनीं "आई, मीटिंगमध्यें आहे" म्हणून ते बंद केले असतील!

असें असतांही या नोकरीला सरसकट नांवें ठेवण्यास आम्ही तयार नाहीं. आमची एक विद्यार्थिनी कराडकडील एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी. कॉलेजांत होती तेव्हां चार माणसांसमोर उभी राहिली कीं पदराशीं, म्हणजे हल्लींच्या रीतीप्रमाणें ओढणीशीं, चाळा करावयाची. पेढींत दोन वर्षें काढून आली ती ताळेबंद असा वाचावयास लागली कीं आम्ही थक्क झालों. वयाच्या पंचविसाव्या वर्षीं ती कंपनीच्या मुख्य चालकासमोर बसून "हा आंकडा पटत नाहीं" म्हणूं शकत होती. मतभेद असेल तर तो बोलून दाखविणें हें कनिष्ठाचें कर्तव्यच आहे असें तिला तेथें शिकविलें होतें, आणि अशी शिकवण आपल्या घरांत, कचेरींत किंवा कॉलेजांत कोठें मिळते हें वाचकांनीं मनाशीं पहावें. वडिलांचें घराचें कर्ज तिनें तीन वर्षांत फेडलें. हें सर्व त्या पेढीनें दिलें, आणि तें थोडें नव्हे.

मग या मुलांच्या चेहऱ्यावर पांचव्या-सहाव्या वर्षीं जी एक पोकळी दिसूं लागते ती कशाची? थकव्याची असेल म्हणून पुष्कळ दिवस आम्हीं ती सोडून दिली. थकवा तर आमच्या डॉक्टर विद्यार्थ्यांनाही असतो. पण तो वेगळा दिसतो. याचा उलगडा आम्हांस इचलकरंजीकडील एका विद्यार्थ्याच्या बोलण्यावरून झाला.

त्याचे वडील यंत्रमागावर कामाला. मुलगा स्वतःच्या हिमतीवर शिकला, पेढीवर लागला, आणि दुसऱ्याच वर्षीं यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याचा खर्च कमी करण्याच्या कामीं त्याची नेमणूक झाली. मुक्काम अकरा आठवडे. एक्सेलच्या तक्त्यांत त्यानें खातेवार माणसें मांडलीं. त्यांतल्या एका रकान्याचें नांव 'अतिरिक्त' होतें. दुपारीं तो कारखान्यांत हिंडे. कातकामाच्या खात्यांतील एका वयस्क फोरमननें, मुलगा मागवाल्याचा आहे हें कळल्यावर, त्याला आपल्या डब्यांतली भाकरी खाऊं घातली. मग रोजच घालूं लागला. तें सबंध खातें त्या रकान्यांत होतें. अखेरचें सादरीकरण उत्तम झालें, वरिष्ठांनीं पाठ थोपटली, आणि पुढच्या सोमवारीं हा दुसऱ्या शहरांतील एका बँकेंत रुजू झाला.

चार वर्षांनीं एका लग्नाला जातांना त्या रस्त्यावरून त्याची मोटार चालली होती. त्यानें ती फाटकापाशीं थांबविली. पाटी बदललेली होती. पाळी सुटून माणसें बाहेर पडत होतीं, त्यांत ओळखीचें कोणी नव्हतें. पहारेकऱ्याला त्यानें कातकामाचें खातें चालू आहे का म्हणून विचारलें. पहारेकरी म्हणाला, मी दोनच वर्षें झालीं आलोंय, मला ठाऊक नाहीं. हें सांगून तो आम्हांस म्हणाला, "सर, मीं वाटोळं केलं असं कुणी म्हणालं असतं तरी चाललं असतं. कारखाना वांचवला म्हणालं असतं तरी चाललं असतं. तिथं कांहीं कळलंच नाहीं."

त्याच्या वरिष्ठांना विचारलें तर ते म्हणतील, निर्णय क्लायंटचा, सल्ला तेवढा आमचा. हें कायद्यानें आणि व्यवहारानें अगदीं खरें आहे. आणि त्या मुलाचें दुखणेंही नेमकें तेंच आहे. शेतकऱ्याचें पेरलेलें उगवत नाहीं तें त्याला दिसतें. शिक्षकाचा विद्यार्थी नापास होतो तो त्याच्यासमोर. विशीपासून तिशीपर्यंतच्या वयांत माणसाची जी अक्कल तयार होते ती स्वतःच्या केलेल्याचें फळ नाकासमोर येऊन उभें राहिल्यानें होते, आणि नेमकीं हीं दहा वर्षें हीं मुलें शंभर ठिकाणीं पेरून एकाही ठिकाणीं कापणीला थांबत नाहींत. पगार, मान, प्रवास सर्व मिळतें. आपलें म्हणणें खरें होतें कीं खोटें, एवढेंच कळत नाहीं.

फळ अजिबात परत येत नाहीं असें नव्हे. अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांची विक्री वाढविण्याविषयीं औषधकंपन्यांस दिलेल्या सल्ल्यावरून मॅकिन्झीला २०२१ सालीं अमेरिकेंतील बहुतेक राज्यांशीं ५७ कोटी ३० लक्ष डॉलरांचा समझोता करावा लागला, आणि डिसेंबर २०२४ मध्यें तेथील मध्यवर्ती सरकारशीं आणखी ६५ कोटींचा. पण तें फळ पेढीच्या तिजोरींत येतें. रात्रीं जागून तीं पानें करणाऱ्या मुलांच्या हातीं त्यांतून कोणतें शहाणपण लागत असेल तें सांगवत नाहीं. आपल्या जवळचें उदाहरण घ्यावयाचें तर २००३ सालीं 'बॉम्बे फर्स्ट' या संस्थेसाठीं याच पेढीनें 'व्हिजन मुंबई' नांवाचा अहवाल केला. दहा वर्षांत, म्हणजे २०१३ पर्यंत, मुंबई जागतिक दर्जाची कशी करावी हें त्यांत मांडलें होतें. तो लिहितांना पंचविशींत असलेलीं मुलें आज पन्नाशीकडे झुकलीं असतील. त्यांपैकीं कोणी मुंबईंतच राहिलें असेल आणि पावसाळ्यांत कुर्ल्याला गाडींत अडकून पडत असेल, तर त्या एका मनुष्याचा सल्ला आम्ही उद्यां विकत घेऊं.

जुन्या काळीं मराठी राज्यांत आणि त्याच्या शेजारीं साडेतीन शहाणे नांवाजलेले होते. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर १७६३ सालीं राक्षसभुवनच्या लढाईंत, स्वतःच्याच मसलतीच्या रणांत, मारला गेला. सखारामबापू बोकील मसलती करतां करतां १७८१ सालीं रायगडावर कैदेंत मेले. नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे तिसरे. आणि नाना फडणीस शहाणे असून अर्धेच, कारण त्यांना तलवार धरतां येत नव्हती. लोकांचा हा हिशेब आम्हांस फार मार्मिक वाटतो. राज्य पंचवीस वर्षें सांभाळणाऱ्या पुरुषाचें निम्मे गुण लोकांनीं कापून घेतले ते एवढ्यासाठींच, कीं मसलतीच्या पुढची पायरी त्याला स्वतः चढतां येत नव्हती. या हिशेबानें आमच्या विद्यार्थ्यांच्या वांट्याला किती येईल तें आम्हीं त्यांना सांगितलेलें नाहीं.

खुद्द मॅकिन्झीची अखेर मात्र त्याच्या पेढींत फारशी सांगत नसावेत. शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या व्यापारी कंपनीला त्यानें सल्ला दिला, आणि त्या कंपनीनें त्यालाच म्हटलें कीं आतां येऊन करून दाखवा. १९३५ सालीं तो तिचा अध्यक्ष झाला. जें कागदावर सुचविलें होतें तें स्वतःच्या हातानें केलें, घाऊक व्यापाराचें खातें मोडलें, माणसें कमी केलीं, शिव्याशाप घेतले. १९३७ सालीं फुप्फुसाच्या दाहानें तो वारला तेव्हां त्याचें वय ४८ होतें. त्याला धंद्याच्या इतिहासांत मान मिळतो तो पेढी काढल्याबद्दल. आमच्या मनांत तो शेवटच्या दोन वर्षांमुळें आहे.

अलीकडे या धंद्यावर यंत्राचीही छाया पडली आहे. मॅकिन्झीनें २०२३ सालीं 'लिली' नांवाचें बोलतें यंत्र आपल्या नोकरांच्या हातीं दिलें, आणि इतर पेढ्यांनींही तसेंच केलें. जुने अहवाल चाळणें, पानें जुळविणें हें उमेदवाराचें काम तें क्षणांत करतें. मुलें घाबरलेलीं आहेत. यंत्रालाही कोठें बिऱ्हाड नाहीं, एवढें साम्य आम्हांस दिसतें. बाकी काळ ठरवील.

ती कराडकडील विद्यार्थिनी सहाव्या वर्षीं पेढी सोडून सातारा जिल्ह्यांतल्या एका धर्मादाय रुग्णालयांत व्यवस्थापक म्हणून गेली. पगार तिसऱ्या हिश्शावर आला. तिचे वडील आमच्याकडे आले. गुरुजी फार संथ बोलतात. म्हणाले, "सर, ती तुमचं ऐकते. आम्हीं उभ्या जन्मांत पाहिला नाहीं एवढा पगार सोडून ही पोरगी केसपेपरच्या खिडकीपाशीं उभी राहते. तिला कांहीं सांगा." त्यांचें म्हणणें अवाजवी नव्हतें, गरिबी त्यांनीं पाहिली होती, आम्हीं पाहिलेली नव्हती. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें, कीं तुम्ही तें रुग्णालय पाहिलें आहे काय? त्यांनीं पाहिलें नव्हतें. पुढच्या रविवारीं ते जाऊन आले, आणि आल्यावर आम्हांस भेटले नाहींत; त्यांचें मन वळलें कीं नाहीं हें आम्हांस अजून समजलेलें नाहीं.

तिचा फोन मात्र परवां आला होता. सकाळची रांग कमी व्हावी म्हणून तिनें केसपेपरच्या दोन खिडक्यांच्या चार केल्या. पेढींत असती तर हें एका पानाचें काम, आणि पान फार सुबक झालें असतें. येथें आठ दिवसांत रांग वाढली. खिडक्या चार झाल्या, पण आंतल्या कपाटांतून जुने कागद काढून देणारा माणूस एकच होता. तो चौघांना पुरेना, आणि चारही खिडक्यांपुढें माणसें खोळंबलीं. नवव्या दिवशीं तिनें दोन खिडक्या बंद केल्या आणि एक कारकून कपाटांपाशीं नेऊन बसविला. हें ती मोठ्या उत्साहानें सांगत होती, स्वतःच्या फजितीसकट. "आतां बघायचं, सर, सोमवारीं काय होतं तें." तेवढ्यांत मागून कोणी म्हातारी खणखणीत आवाजांत म्हणाली, "ए बाई, तुझं बोलणं झालं असंल तर माझा कागद बघ." आमची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, एक मिनिट," आणि तिनें फोन ठेवला. त्या दिवशीं तो पुन्हां आला नाहीं.